एक हजार सेकंदांचं आयुष्य

‘किती क्लिक झालेत?’ जळगाव असो की धुळे, लग्नांचे फोटो काढून झालेली सेकंडहँड बॉडी घेताना पहिला प्रश्न हाच. निकॉन डी८५० हा कॅमेरा घ्या. त्याचं शटर कंपनीने २,००,००० क्लिकपर्यंत तपासलेलं आहे.

दोन लाख म्हणजे किती? रोज एक फोटो काढला तर ५४७ वर्षं. तेवढं मागे गेलं की खानदेशावर फारुकी सुलतानांचं राज्य लागतं. शटरचं बटण सेकंदाला ७ फोटोंच्या वेगाने दाबून धरलं, तर हिशेब ८ तासांच्या आत संपतो. हळदीपासून पाठवणीपर्यंत ३,००० क्लिक धरले, तर ६६ लग्नं. जुन्या ३६ फोटोंच्या फिल्मचे साडेपाच हजारांवर रोल! चाळीसगावचे छायाचित्रकार कैकी मूस (१९१२–१९८९) टेबलावर छोट्या वस्तू मांडून त्यातून दृश्यं उभी करत. अशा निवांत कामात रोज एक क्लिक धरला, तर ५० वर्षांत १८,२६२. या शटरच्या आयुष्याचा दहावा हिस्साही नाही.

आता उलटा हिशेब. प्रत्येक फोटो १/२०० सेकंदाचा धरला, तर दोन लाख फोटोंत शटर उघडं राहतं एकूण १,००० सेकंद. जेमतेम पावणेसतरा मिनिटं! शटरच्या दोन पडद्यांपैकी एकाचा प्रवासही तुटपुंजा. २४ मिलिमीटर खाली, तेवढाच परत वर. दोन लाख फेऱ्यांत ९.६ किलोमीटर. जळगावहून एरंडोल-पारोळ्यामार्गे धुळं गाठायचं, तर एवढ्यात वाटेचा जेमतेम दहावा हिस्सा सरतो.

मग झिजतं काय? शटर झिजतं ते धक्क्यांनी. पडदा ते २४ मिलिमीटर १/२५० सेकंदाच्या आत पार करतो आणि लगेच थांबतो. शून्यापासून वेग एकसारखा वाढतो असं धरलं, तरी हे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३०० पट भरतं. फोटो १/८००० सेकंदाचा असेल, तर पहिल्या पडद्यामागोमाग दुसरा सुटतो आणि दोघांमधली फट उरते पाऊण मिलिमीटरची.

म्हणून लेन्स काढून, आरसा वर करून शटर पाहताना घाबरायचं कशाला, ते आधी ठरवा. पडद्याच्या पात्यांवर घासून उजळलेल्या बारीक रेघा किंवा एखादा तेलाचा ठिपका वापरलेल्या बॉडीत दिसतोच. पातं वाकलेलं किंवा चुरगळलेलं असेल, तर मात्र कॅमेरा परत ठेवा. पात्यांना बोट लावू नका. फाइलच्या नावातल्या आकड्यावर विसंबू नका. ९९९९ नंतर तो पुन्हा १ वर येतो. निकॉनच्या मूळ फाइलमध्ये खरा शटर काउंट दडलेला असतो, तो सॉफ्टवेअरने वाचा. अर्थात त्यातही सगळं कळत नाही. तासभर व्हिडिओ काढताना शटर उघडंच राहतं; सेन्सर तापतो, काउंट मात्र फारसा हलत नाही. शिवाय दोन लाख ही काही मुदत नव्हे. काही शटर आधीच जातात, काही पुढेही चालत राहतात.

खरी परीक्षा एका फोटोची. एकसारख्या उन्हातली पांढरी भिंत १/८००० वर टिपा. फट ०.१ मिलिमीटरने अरुंद झाली, तरी तिथला प्रकाश १३ टक्क्यांनी घटतो आणि फोटोच्या एका कडेला काळपट पट्टा उमटतो. हीच भिंत १/२५० वर स्वच्छ येईल, म्हणून तेवढ्यावर समाधान मानू नका. रेघा दाखवून भाव खुशाल पाडा. घ्यायचा की नाही, ते मात्र भिंतीचा फोटो पाहून ठरवा.