सुधेकाठचे पाणमाइट: जात ओळखणे, वर्णिणे आणि नकाशावर मांडणे

ताटलीतला लाल ठिपका

तलावाच्या काठचे शेवाळ आणि पाणवनस्पती पाण्यात खळबळून ते पाणी पांढऱ्या इनॅमलच्या ताटलीत ओतले, की पहिली काही मिनिटे गाळाखेरीज काही दिसत नाही. गाळ खाली बसू लागला की राजगिऱ्याच्या दाण्याएवढा एखादा लाल ठिपका सरकताना दिसतो. तो पिसवांसारखा उड्या घेत नाही. आठ पाय भराभर मारत एका लयीत पोहतो, थांबतो, पुन्हा निघतो. हा पाणमाइट. संधिपाद संघातील अष्टपाद वर्गात कोळी आणि विंचू यांच्यासोबत माइट व गोचीड येतात. त्यांपैकी गोड्या पाण्यात उतरलेल्या माइटांचा सर्वांत मोठा गट म्हणजे हायड्रॅक्निडिया. बहुतेकांची लांबी अर्धा ते तीन मिलिमीटर असते. हायड्रॅक्ना आणि आयलाइस या वंशांतले काही त्याहून मोठे होतात. जगभरात या गटाच्या 6000 हून अधिक जातींचे वर्णन झाले आहे.

नावाचा गोंधळ आणि ओळखीचे नातलग

माइटसाठी मराठीत एकच रूढ शब्द नाही. कापूस, वांगी, भेंडी यांच्या पानांमागे जाळी विणणाऱ्या माइटांना शेतकरी ‘लाल कोळी’ म्हणतो. तेलंगणात सुधा नदीकाठचे भैंसा हे कापसाच्या बाजाराचे गाव असल्याने तिथे हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. मात्र ‘पाणकोळी’ म्हटले की पाण्यावरून धावणारा खरा कोळी डोळ्यासमोर येतो, म्हणून या लेखात ‘पाणमाइट’ हाच शब्द ठेवला आहे. पाणमाइटाचा सख्खा नातलग मात्र सर्वांनी पाहिलेला असतो. जूनच्या पहिल्या पावसानंतर ओल्या मातीवर चालणारा मखमली लाल मृगाचा किडा, संस्कृतातला इंद्रगोप, हाही माइटच आहे. तो आणि पाणमाइट दोघेही पॅरासिटेंगोना या एकाच गटात मोडतात. लहानपणी कीटकांवर परजीवी म्हणून आणि मोठेपणी शिकारी म्हणून जगण्याची दोघांची रीत सारखी आहे. फरक निवाऱ्याचा आहे: एक मातीत राहिला, दुसरा पाण्यात.

जीवनक्रम

अंड्यातून बाहेर येणाऱ्या अळीला सहाच पाय असतात. ती एखाद्या पाणकीटकाला किंवा पाण्यातून पंख फुटून बाहेर पडणाऱ्या कीटकाला चिकटते आणि त्याचा देहद्रव शोषून फुगते. पाणविंचवाच्या अंगावर लोंबणारे लाल बोंडूस हे हायड्रॅक्नाच्या अळ्यांचे रूप असते. चतुर आणि टाचणीच्या छातीखाली किंवा पोटाखाली ओळीने चिकटलेले लाल-केशरी मणी बहुधा अरेनुरस वंशाच्या अळ्या असतात. यजमान पाण्यापाशी परतला की अळी गळून पाण्यात पडते. पुढे हालचाल नसलेली एक अवस्था, तीतून आठ पायांचे शिकारी पिल्लू, पुन्हा एक निश्चल अवस्था आणि शेवटी प्रौढ, असा क्रम असतो. पिल्लू आणि प्रौढ सूक्ष्म कवचधारी जीव, डासांच्या व चिलटांच्या अळ्या आणि कीटकांची अंडी खातात.

या जीवनक्रमामुळे प्रसाराचा प्रश्नही सुटतो. पाणमाइटाला पंख नसतात आणि कोरड्या जमिनीवर तो फार काळ जगत नाही. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात तो जातो तो यजमानाच्या अंगावर बसून. उन्हाळ्यात आटणाऱ्या डबक्यांतल्या कित्येक जाती तर कोरडा काळच यजमानावर काढतात. दख्खनच्या काळ्या खडकावर पावसाळ्यात भरणाऱ्या आणि पुढे आटून जाणाऱ्या पाण्यांच्या बाबतीत ही गोष्ट विसरता येत नाही.

लाल रंग कशासाठी

सर्व पाणमाइट लाल नसतात. हिरवे, पिवळे, निळसर, तपकिरी अशाही जाती आहेत. लाल मात्र ठळकपणे अधिक. मासे कित्येक लाल पाणमाइट तोंडात घेऊन थुंकून टाकतात, असे प्रयोगांत दिसले आहे. त्यांच्या त्वचेतल्या ग्रंथींचा स्राव बेचव असावा असे मानले जाते. या ग्रंथींची मांडणी वर्गीकरणातही उपयोगी पडते.

जात ठरते कशावरून

पाणमाइटाचे शरीर दोन भागांचे दिसते: पुढे तोंडाचा लहान भाग आणि मागे अखंड गोलसर धड. कोळ्यासारखी कंबर नसते. ओळख पटवण्यासाठी नजर धडाच्या खालच्या बाजूकडे वळवावी लागते. पायांच्या मुळाशी असलेल्या चार जोड पट्टिका एकमेकींना जोडलेल्या आहेत की सुट्या. जननक्षेत्राभोवती चषकासारखे उंचवटे किती आणि ते कोणत्या आकृतीत. त्वचा मऊ आहे की कवचासारखी. पायांवर पोहण्याचे लांब केस आहेत की नाहीत, या लक्षणांवरून कुल आणि वंश ठरतो. तोंडाशेजारच्या पाच खंडांच्या पादमृशांवर मोठा भर असतो. अरेनुरसच्या पादमृशाचे टोक चिमट्यासारखे मिटते. हायड्रॅक्नाचे जबडे सुईसारखे असतात, आणि त्याची मादी आपली अंडी पाणवनस्पतींच्या देठांत घालते.

जातीच्या पातळीवर नराचे महत्त्व वाढते. अरेनुरसच्या नराच्या धडाला मागे शेपटीसारखा फुगवटा असतो आणि बऱ्याच जातींत त्यातून एक लहान दांडी बाहेर आलेली असते. मादीकडे शुक्राणूंचे गाठोडे पोचवण्यात तिचा उपयोग होतो. प्रत्येक जातीत या शेपटीचा आकार वेगळा असतो. म्हणून हजारभर जातींच्या या वंशात नर सहज ओळखता येतो आणि मादीपाशी तज्ज्ञही अडतो. एकाच जातीचा नर व मादी दोन नावांखाली नोंदले जाण्याचे प्रसंग याच कारणाने येतात. अळी तर आई-बापांसारखी दिसतच नाही. ती यजमानाच्या अंगावर सापडते, प्रौढ तळ्यात सापडतो, आणि दोघांची सांगड घालायची तर अंड्यांपासून पिल्ले वाढवून पाहावी लागतात किंवा डीएनएचा आधार घ्यावा लागतो. त्यासाठी सामान्यतः मायटोकाँड्रियातल्या एका जनुकाचा सुमारे 658 अक्षरांचा तुकडा वाचला जातो.

नमुना टिकवणे

पाणमाइट अल्कोहोलमध्ये टाकला की ताठ होतो आणि त्याचे पाय चिकित्सेच्या वेळी मोडतात. म्हणून ग्लिसरीन 50 भाग, पाणी 40 भाग आणि ॲसेटिक आम्ल 10 भाग असे मिश्रण वापरतात. त्याला कोएनिके द्रव म्हणतात. त्यात माइट मऊ राहतो. पण हेच आम्ल डीएनए खराब करते. त्यामुळे आजचा संग्राहक एकाच ठिकाणचे काही नमुने कोएनिके द्रवात आणि काही तीव्र अल्कोहोलमध्ये, अशा दोन बाटल्या घेऊन निघतो. प्रयोगशाळेत पोटॅशियम हायड्रॉक्साइडने अंग पारदर्शक करतात, सुईच्या टोकाने पादमृश आणि जबडे सुटे करून काचपट्टीवर बसवतात आणि प्रत्येक खंडाची लांबी मायक्रोमीटरमध्ये मोजतात. चित्र हाताने काढण्याची प्रथा अजून टिकून आहे. छायाचित्रात एका वेळी एकच पातळी स्पष्ट दिसते. चित्रकाराला सगळ्या पातळ्या एका रेषेत आणता येतात.

नाव देणे

प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची सुरुवात 1758 पासून धरतात. त्या वर्षीच्या ग्रंथात लिनीअसने एका पाणमाइटाला ‘अकारस अक्वाटिकस’ म्हटले होते. आज तो लिम्नोकॅरिस वंशात आहे. डेन्मार्कच्या ओटो फ्रिडरिक म्युलरने 1776 मध्ये हायड्रॅक्ना हा वंश मांडला आणि 1781 मध्ये डॅनिश दलदलींतल्या पाणमाइटांवर स्वतंत्र पुस्तक काढले. आज नवी जात जाहीर करायची तर आंतरराष्ट्रीय प्राणिनामसंहितेनुसार एक नमुना ‘मूळ नमुना’ म्हणून ठरवावा लागतो. पुढे वाद झाला तर निकाल शब्दांवरून लागत नाही, त्या काचपट्टीवरून लागतो. भारताच्या 2002 च्या जैवविविधता कायद्यातही नव्या जातीची माहिती नेमून दिलेल्या संग्रहालयांना कळवण्याची आणि नमुना तिथे ठेवण्याची अट आहे. 1916 मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेली भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था अशा नमुन्यांचे देशातले मुख्य घर आहे; तिची केंद्रे पुण्यात आणि हैदराबादेतही आहेत.

भारतातले काम

स्वित्झर्लंडच्या चार्ल्स वॉल्टरने 1928 मध्ये ‘रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम’मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पाणमाइटांवर लिहिले. खरा पाया घातला तो अमेरिकन अभ्यासक डेव्हिड कुक यांच्या 1967 च्या ग्रंथाने. भारतीय पाणमाइट ओळखायला बसलेल्याला आजही आधी तोच उघडावा लागतो. ही त्या ग्रंथाची थोरवी आहे, आणि त्यानंतरच्या अर्धशतकात काम किती विरळ झाले याची खूणही. अलीकडे हिमालयातल्या ओढ्यांवर युरोपीय आणि भारतीय अभ्यासकांनी मिळून नव्या जाती वर्णिल्या आहेत. नवे काम असे डोंगरी वाहत्या पाण्याकडे झुकते. पठारावरचे तलाव आणि ओढे मागे पडतात.

कोणत्या पाण्यात कोण

भैंशाच्या परिसरात थोड्या अंतरात पाण्याचे अनेक प्रकार भेटतात. नांदेड जिल्ह्यातल्या भोकरकडून येणारी सुधा नदी सीमा ओलांडली की सुद्दवागू होते. तेलुगूत वागू म्हणजे ओढा. भैंशापाशी तिच्यावर गड्डेन्ना वागू प्रकल्पाचा जलाशय आहे, आणि पुढे ती गोदावरीला मिळते. बासरला गोदावरीचे पात्र आहे, तर खाली श्रीरामसागर धरणाचा फुगवटा आहे.

पाणमाइटांचे वंश पाण्याच्या अशा प्रकारांप्रमाणे वाटलेले असतात. अरेनुरस, पिओना, लिम्नेशिया, आयलाइस हे साचलेल्या, वनस्पतींनी भरलेल्या पाण्याचे. टोरेंटिकोला हा वाहत्या पाण्यातल्या दगड-खड्यांचा. त्याला पोहण्याचे केस नसतात, शरीर चपटे आणि कवचाचे असते, आणि पकडून राहण्याला नख्या मजबूत असतात. पात्रातल्या वाळू-खडीच्या पोकळ्यांत, पृष्ठभागाखाली, आणखी एक वस्ती असते. तिथले माइट फिकट, बारीक आणि कधी डोळ्यांविना असतात. वँडेसियासारखे काही तर अळीसारखे लांबट. ओढा वरून कोरडा दिसला तरी खाली हात-दीड हात ओल असेल तर ही वस्ती टिकू शकते. तिचा नमुना घ्यायला जाळी कामाची नसते; वाळूत खड्डा खणून झिरपलेले पाणी गाळावे लागते. वाळूउपशाने ही जागाच नाहीशी होते.

शिंपल्यांच्या आत वेगळाच संसार चालतो. युनिओनिकोला वंशातल्या अनेक जाती गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या कल्ल्यांत राहतात. भारतात यजमान म्हणून लॅमेलिडेन्स हा सर्वत्र आढळणारा शिंपला महत्त्वाचा आहे. यांच्या अळ्या मात्र चिलटांवर चढतात आणि नंतर पुन्हा शिंपल्याकडे येतात. काही जातींत एका शिंपल्यात अनेक माद्या आणि त्यांच्यावर पहारा करणारा एकच नर आढळतो. मासा मेला की दिसतो, शिंपला मेला की कवच उरते. कल्ल्यातला माइट मात्र शिंपल्याबरोबर कोणाच्या नोंदीत न येताच संपतो.

उपयोग आणि मर्यादा

पाणमाइटाला शिकार हवी, यजमान हवा, स्वच्छ तळ हवा. या तिन्हींपैकी एक ढासळले तरी त्याची संख्या घटते, म्हणून पाण्याच्या प्रकृतीचा सूचक म्हणून त्याचा वापर होतो. अडचण अशी की बहुतेक पाहणी अहवालांत तो ‘माइट’ एवढ्या एका शब्दात मोजला जातो. वंशापर्यंतही ओळख नसेल तर सहनशील आणि नाजूक जाती एकाच आकड्यात मिसळतात आणि आकडा निरुपयोगी होतो. डासांच्या अळ्या खाणारे आणि प्रौढ डासांना चिकटणारे पाणमाइट आहेत म्हणून डासनियंत्रणाची आशा वेळोवेळी बोलून दाखवली गेली. पण त्यांची पैदास करणे अवघड, जीवनक्रम लांब आणि यजमानाला बांधलेला. तेव्हा प्रत्यक्ष वापरापर्यंत ही गोष्ट गेलेली नाही.

प्रसार आणि चिठ्ठी

प्रसाराच्या नकाशावरचा ठिपका जातीची वस्ती दाखवतो, तसाच संग्राहकाचा रस्ताही दाखवतो. रिकामी जागा म्हणजे बहुधा जाळी न पडलेली जागा. ठिपका बसतो तो बाटलीतल्या चिठ्ठीच्या भरवशावर, आणि चिठ्ठीवरचा जिल्हा हा सर्वांत डळमळीत आधार. ‘आदिलाबाद जिल्हा’ हेच पाहावे. 1956 पर्यंत तो हैदराबाद राज्यात होता आणि किनवट, राजुरा हे भाग त्याच्यातच होते. राज्यपुनर्रचनेत ते मुंबई राज्याच्या आणि पुढे महाराष्ट्राच्या वाट्याला गेले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात आला, 2 जून 2014 पासून तेलंगणात. 11 ऑक्टोबर 2016 ला त्यातून निर्मल जिल्हा वेगळा झाला आणि भैंसा निर्मलमध्ये गेले. गावाच्या नावाचेही भैंसा, म्हैसा असे दोन उच्चार चालतात आणि नदीला सीमेच्या दोन बाजूंना दोन नावे आहेत. चतुराच्या पोटाखाली बसून भोकरहून भैंशाला आलेल्या अळीच्या लेखी हे एकच खोरे असते.

म्हणून चिठ्ठी शिसपेन्सिलीने किंवा न विरघळणाऱ्या शाईने, जाड कागदावर, बाटलीच्या आत ठेवतात. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी द्रव सांडला की जाते. तिच्यावर आधी अक्षांश-रेखांश (भैंशासाठी ते 19.1 अंश उत्तर आणि 78 अंश पूर्व यांच्या आसपास), मग खोरे आणि नदीची दोन्ही नावे, मग पाण्याचा प्रकार: ‘वाहते, खडीखाली एक हात’ किंवा ‘जलाशयाचा काठ, शेवाळ’. त्याखाली यजमान मिळाला असल्यास त्याची जात, तारीख आणि संग्राहकाचे नाव. जिल्हा सर्वांत शेवटी.