तिळाचं पाणी

तंजावर भागातल्या चोळपुरमला काका गेले तेव्हा क्रियेला मी बसलो. त्यांना मूलबाळ नव्हतं. पुतण्या कर्ता चालतो. 1855 मध्ये तंजावरचे दुसरे शिवाजीराजे वारले, पुत्र नाही म्हणून कंपनीने संस्थान खालसा केलं. घराचं तसं होत नाही. पुतण्या, भाचा, नातू, कोणीतरी ओल्या पंचाने पुढे येतोच.

अग्नी देणं सगळ्यांना दिसतं. खरं काम पुढच्या दहा दिवसांचं. आमच्याकडे भटजींना वाध्यार म्हणतात. मंत्र संस्कृत, त्यांच्या सूचना तमिळ आणि मागे बसलेल्या काकूंचं मराठी, अशा तिन्ही भाषा कानांवर येत राहतात. खड्डा करून त्यात दगड मांडतात. त्या दगडात गेलेला माणूस आहे असं धरून चालायचं. जानवं अपसव्य, अनामिकेत दर्भाचं पवित्रक, तोंड दक्षिणेला. आधी कापडाची घडी पाण्यात बुडवून दगडावर पिळायची: वासोदक, रोज तीन. मग ओंजळीत तीळ घेऊन अंगठा आणि तर्जनीच्या मधून पाणी सोडायचं: तिलोदक. तीळ बोटांना चिकटतात, दगडावर पडतच नाहीत. घाई झाली की पाणी भलत्याच बाजूने ओघळतं.

"हळू सोड रे, त्यांना घाई कधी होती?" काकू म्हणाल्या.

तिलोदक पहिल्या दिवशी तीन, दुसऱ्या दिवशी चार, असं रोज एकेक चढत दहाव्याला बारा. एकूण 75. हा हिशेब ज्याने घातला त्याला दुःख नीट ठाऊक असणार. पहिल्या दिवशी ओसरी माणसांनी भरलेली असते, पाचव्या-सहाव्याला चारदोन उरतात, फोनही थांबतात. लोक ओसरतात तसं पाणी वाढत जातं. आठव्या दिवशी आवंढा येऊन मी अडखळलो तेव्हा वाध्यारांनी मंत्र थांबवला नाही, फक्त आकडा मोठ्याने म्हटला. त्या आकड्याला धरून मी पुढची ओंजळ भरली.

कावेरीवरच्या मेट्टूर धरणातून पाणी सोडायची रीत 12 जूनची. आमचे दिवस त्याआधीचे, कावेरी कोरडी, म्हणून सगळं पाणी विहिरीचं. काकांनी आयुष्यभर प्यायलेलं तेच. मला ते बरं वाटलं.

दहाव्याला बारा ओंजळी झाल्या, पिंड झाले, दगड उचलला. काकूंनी विचारलं, "मोजलंस ना नीट?" मी हो म्हटलं. मग अकराव्याच्या सामानाची यादी घेऊन कुंभकोणमला निघालो.