वानर मेलं की पहिला फोन कुणाला?

काजूचा हंगाम भरात आला की सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांना मी दोडामार्ग-बांदा पट्ट्यात घेऊन जाते. माणूस, जनावर आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकच, हे त्यांना पाठ असतं. तीन वर्तुळांची आकृतीही सगळे सुबक काढतात. त्या आकृतीत गोचीड मात्र नसते, आणि माकडतापाचं सगळं गणित तिच्यावर आहे.

विजारीचे पाय मोज्यांत खोचून, गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल चोळून आम्ही बागेत शिरतो. फलालीनचं पांढरं कापड पातेऱ्यावरून सावकाश ओढायचं, उलटायचं आणि बघत राहायचं. सुरुवातीला कुणालाच काही दिसत नाही. मग एक ठिपका चालायला लागतो. खसखशीच्या दाण्याएवढा, आठ पायांचा. पूर्ण वाढ न झालेली ही गोचीडच माणसाला बहुतेक वेळा चावते. चिमट्याने ती कुपीत टाकेपर्यंत मुलं श्वास रोखून असतात.

१९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, आसपासची माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला आधी पीतज्वराची शंका आली होती. निघाला नवाच विषाणू. २०१५ मध्ये तो गोव्यात सत्तरीतल्या पाळी गावात पोचला, पुढच्याच वर्षी दोडामार्गात.

वाढलेली गोचीड गुरांवर पोसते. गुरं माकडतापाने आजारी पडत नाहीत, त्यामुळे पशुवैद्यकाच्या वहीत काही उमटत नाही. वानर मात्र मरतं. कलेवर थंड पडलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून पातेऱ्यात पसरतात, आणि ती जागा धोक्याची होते. म्हणून भोवती ५० मीटरपर्यंत कीटकनाशक भुकटी मारतात. चावल्यापासून ताप यायला ३ ते ८ दिवस लागतात. माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही. म्हणजे मेलेलं वानर हीच पहिली खबर. पण वानर वनखात्याचं, गुरं पशुसंवर्धनाची, रुग्ण आरोग्य खात्याचा! कुणी कुणाला कधी कळवायचं, हे मी मुलांना तासांच्या हिशेबात लिहायला लावते. माझ्या मते या विषयाची खरी परीक्षा हीच.

मुलांनी लिहिलेल्या सूचनांत 'बागेत जाऊ नये' हे हमखास असतं. बिया वेचणाऱ्या एका काकींनी ते ऐकून विचारलं, "बागेत नाय गेलंय तर घर कसा चलतला?" मुलं गप्प झाली. कर्नाटकातली लसही पुरेशी परिणामकारक नसल्याने २०२२ मध्ये थांबली, तेव्हा तोही आधार नाही. त्या संध्याकाळी त्यांनी कागद नव्याने लिहायला घेतला: तेल डिसेंबरपूर्वी घरोघर कोण पोचवणार, परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून आंघोळ कधी करायची, आणि मेलेलं वानर दिसल्यावर काकींनी फोन करायचा तो नंबर कुठला. शेवटच्या प्रश्नावर रात्री उशिरापर्यंत वाद चालला. तीन खात्यांचे तीन नंबर लिहावेत असं काहींचं म्हणणं होतं. काकींच्या फोनमध्ये एकच असावा, पुढचं तिन्ही खात्यांनी आपसात बघावं, यावर बाकीचे अडून बसले. मी या दुसऱ्यांच्या बाजूने होते.