ख्रिस्ती मंडळी आणि अपंगांचा सहभाग : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे कार्य आरंभिले. याच मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० मध्ये मुंबईत अंधशाळा काढली. अपंगांची सेवा मराठी मंडळीस नवी नाही. तथापि सेवा घेणारा अपंग उपासनेत बरोबरीने कितपत सहभागी होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अपंगत्व हे पापाचे फळ, ही समजूत येशूच्या शिष्यांतही होती. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्याविषयी ते तसे विचारतात आणि येशू ती समजूत नाकारतो. लेवीयच्या एकविसाव्या अध्यायात मात्र व्यंग असलेल्या याजकास वेदीजवळ जाण्यास मनाई आहे. पवित्र अन्न खाण्याचा त्याचा अधिकार तेवढा कायम राहतो. या मनाईची छाया दीर्घकाळ टिकली. १९१७ च्या कॅथलिक धर्मसंहितेत शारीरिक व्यंग हा गुरुदीक्षेतील अडथळा होता. १९८३ च्या संहितेत तो राहिला नाही.

श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावच्या मतमाउली यात्रेस दर सप्टेंबरात मोठा जनसमुदाय लोटतो. त्यात ख्रिस्तेतर भाविकही असतात. कित्येक जण व्याधिमुक्तीचे मागणे घेऊन येतात. या श्रद्धेचा उपहास करण्याचे कारण नाही. परंतु बरे होणे हीच श्रद्धेची खूण मानली, तर बरा न होणाऱ्याचा विश्वासच उणा ठरतो, आणि हा घाव मूळ व्यंगाहून खोल असतो. नॅन्सी आइसलँड या अमेरिकन विदुषीने १९९४ च्या ग्रंथात पुनरुत्थित ख्रिस्ताच्या व्रणांकडे लक्ष वेधले. पुनरुत्थानानंतरही ते पुसले गेले नव्हते.

ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेस अभंग-कीर्तनाची जोड दिली. पाठांतरावर चालणारे भजन दृष्टिहीनास सहज आपलेसे होते; कर्णबधिरास मात्र तेथे सांकेतिक भाषेचा दुभाषी लागतो. केवळ उतरण बांधून प्रश्न सुटला असे मानणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानी घ्यावे.

सर्वांत बिकट प्रश्न बौद्धिक अपंगत्वाचा आहे. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत दृढीकरणापूर्वी उमेदवाराने विश्वासाविषयीच्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत, अशी रीत आहे. ज्यास ती देता येत नाहीत, त्यास प्रभुभोजनापासून दूर ठेवावे काय? अर्भकाचा बाप्तिस्मा आईबापांच्या व मंडळीच्या विश्वासावर दिला जातो. तोच आधार येथे का चालू नये, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत. पण प्रभुभोजनाच्या मेजाजवळ कोणास येऊ द्यावे, याचा निर्णय कायदा करीत नाही. तो पाळक व पंचमंडळी यांनाच करावा लागेल.