स्वस्त ब्रेक घ्या, पण चकती बघून

सिंहगडाचा घाट सायकलने चढणाऱ्याचं सगळेच कौतुक करतात. उतरताना ब्रेक काय सोसतात, याचा विचार फारसा होत नाही. सायकल आणि स्वार मिळून ९० किलो वजन धरा आणि ५०० मीटर उंची उतरा. साधारण ४४० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. काही वाऱ्यात जाते, थोडी टायरमध्ये. पण सावकाश उतरणाऱ्याची बरीचशी ऊर्जा ब्रेकच्या दोन पातळ चकत्यांमध्ये उष्णता होऊन उतरते. साध्या तापमानाचं लिटरभर पाणी उकळायला लागते त्याहून ही ४४० किलोज्यूल ऊर्जा जास्त आहे.

म्हणून माउंटन बाइकला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक बसवायचे ठरले, की कंपनी कोणती हा प्रश्न माझ्या लेखी दुसरा. आधी चकती आणि पॅड बघावेत. बेताचं बजेट असलेल्याने तर नक्कीच.

याचं कारण असं, की नावाजलेल्या कंपन्यांच्या खालच्या पायरीवरच्या ब्रेकचंही मूळ काम चोख असतं. शिमानोचा एमटी२०० किंवा टेक्ट्रोचा एचडी-एम२७५ घ्या. लिव्हर दाबला की आतला छोटा दट्टा नळीतल्या तेलावर दाब देतो, तोच दाब चाकाजवळच्या कॅलिपरमधल्या मोठ्या दट्ट्यांवर पोचतो. लिव्हरमधला दट्टा १० मिलिमीटर व्यासाचा आणि कॅलिपरमधला २२ मिलिमीटरचा असेल, तर क्षेत्रफळ जवळजवळ पाचपट आणि जोरही तेवढाच वाढतो. शाळेत शिकलेला पास्कलचा नियम तो हाच. केबलच्या ब्रेकमध्ये गंजलेली तार आणि चिखल भरलेलं आवरण बोटांचा बराच जोर खातात. इथे ती भानगड नाही. पॅड झिजले तरी दट्टे आपोआप थोडे पुढे सरकतात, स्क्रू पिळत बसावं लागत नाही. शिमानोच्याच डिओरसारख्या वरच्या ब्रेकमध्ये लिव्हरची रचना अधिक सफाईची असते, बोटांना फरक जाणवतोही. पण पैसे मोजकेच असतील तर ते तिथे घालू नयेत.

ते चकतीत घालावेत. स्वस्त जोडाबरोबर येणारी चकती हातात घेऊन नीट पाहा. बऱ्याचदा तिच्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं सापडेल. म्हणजे तिचं पोलाद मऊ आहे आणि त्यावर धातूमिश्रित पॅड चालवले तर ती भराभर खाल्ली जाईल. कोरड्या दिवसांत रेझिन पॅड उत्तम. आवाज नाही, थंड असतानाही लगेच पकडतात. पण आपल्याकडे डोंगरात सायकल काढायची खरी ओढ लागते ती पावसाळ्यात. चिखलातली बारीक खडी पॅड आणि चकतीच्या मधे अडकते आणि रेझिन पॅड डोळ्यांदेखत झिजतात. मेटल पॅड तिथे टिकतात, लांबच्या उतारावर तापूनही धीर सोडत नाहीत. ते कुरकुरतात, तेलाकडे जास्त उष्णता पोचवतात, हे खरं. पण ताम्हिणी घाटात भर पावसात उतरणाऱ्याने हा सौदा जरूर करावा. त्यासाठी शिमानोच्या आरटी६६ सारखी दोन्ही प्रकारचे पॅड चालणारी चकती लागते.

दुसरी गोष्ट व्यासाची. पुढच्या चाकाला १६० ऐवजी १८० मिलिमीटरची चकती लावली, की बोटांच्या तेवढ्याच जोरात थांबवण्याची ताकद साडेबारा टक्क्यांनी वाढते, शिवाय उष्णता पसरायला जागा जास्त मिळते. ब्रेक बदलण्यापेक्षा चकती मोठी करणं कितीतरी स्वस्त. फक्त फोर्कला किती मोठी चकती चालते ते आधी पाहावं, आणि कॅलिपरसाठी योग्य अडॅप्टर घ्यावा.

तेलाच्या बाबतीत मी हट्टाने मिनरल ऑइलच्या बाजूचा आहे. गाडीच्या ब्रेकमधलं डॉट ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट ४ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश हवा असा नियम आहे. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ वर येते. कोकणाच्या हवेत राहणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. शिमानो आणि टेक्ट्रो मिनरल ऑइल वापरतात. त्यात चुकूनही डॉट ओतू नये, आतली रबरी सीलं फुगून ब्रेक निकामी होतात. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये ‘ब्रेक ऑइलच आहे ना’ म्हणून ओतायला निघालेल्या हाताला तिथेच थांबवा.

खरेदीआधी हँडलकडेही बघून घ्या. कमी किमतीच्या बऱ्याच सायकलींवर गिअरचा शिफ्टर आणि ब्रेकचा लिव्हर एकाच तुकड्यात असतो. ब्रेक काढला की शिफ्टरही जातो, आणि नवे शिफ्टर घेण्याचा खर्च अचानक अंगावर येतो. तसंच आपल्याकडे मोटरसायकलप्रमाणे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असण्याची सवय आहे, तर बाहेरून येणारे तयार जोड पुष्कळदा डावा लिव्हर पुढच्या चाकाला धरून भरलेले असतात. नळ्या अदलाबदल करून, बेताने कापून, ब्लीड करून म्हणजे तेलातली हवा काढून देणारा मेकॅनिक दुकानात आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. घाटात घाबरून दाबलेला हात सवयीचाच असतो.

सायकल उलटी करून पंक्चर काढायची आपली जुनी रीत आहे. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये कुठे हवेचा बुडबुडा असेल, तर उलटं केल्यावर तो नळीत सरकतो आणि लिव्हर मऊ पडतो. सायकल सरळ करून लिव्हर दहा-बारा वेळा दाबा. कडक झाला नाही, तर ब्लीड केल्याशिवाय उतारावर जाऊ नका. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नये, दट्टे बाहेर येऊन पॅड चिकटतात. चेनवर तेलाचा स्प्रे मारताना चकती झाका, कारण तेल प्यालेले पॅड सहसा पूर्ववत होत नाहीत.

नवे पॅड बसवल्यावर सपाट, मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेग घ्या आणि जवळजवळ थांबेपर्यंत हळूहळू ब्रेक दाबा. असं वीस-तीस वेळा. पॅडचा पातळ थर चकतीवर बसला की पकड येते. पुढे अधूनमधून पॅड काढून पाहायचे. घासणारा भाग अर्धा मिलिमीटर उरला की बदलायचे. शिमानोच्या चकतीवर किमान जाडी १.५ मिलिमीटर अशी कोरलेली असते. तिच्याखाली गेलेली चकती, ब्रेक कितीही महागाचा असो, त्याच दिवशी उतरवावी.