पॉइंट गार्डचा शॉट : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

बास्केटबॉलच्या संघातील पाच खेळाडूंपैकी जो चेंडू पुढे आणतो, आक्रमणाची मांडणी करतो आणि कोणत्या सहकाऱ्याला चेंडू केव्हा मिळावा हे ठरवतो, त्याला पॉइंट गार्ड म्हणतात. या खेळाडूने पास अधिक द्यावेत आणि शॉट कमी घ्यावेत, हा सल्ला शाळेच्या मैदानापासून व्यावसायिक स्पर्धांच्या चर्चेपर्यंत इतक्या ठामपणे दिला जातो की तो खेळाच्या नियमांचाच भाग असावा असे वाटू लागते. सल्ल्यामागची भावना चांगली आहे, कारण सांघिक खेळात चेंडू एकाच हातात अडकून राहू नये हे कोणीही मान्य करील. परंतु तो ज्या गृहीतकांवर उभा आहे, त्यांतील बहुतेक गृहीतके अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक स्पर्धेचा इतिहास पाहिला की टिकत नाहीत.

पूर्वीचे पॉइंट गार्ड केवळ पास देत असत आणि शॉट घेण्याची हाव अलीकडच्या पिढीत शिरली, हे त्यांपैकी सर्वांत रूढ गृहीतक होय. बॉस्टन सेल्टिक्सचा बॉब कूझी हा या जागेवरचा पहिला मोठा खेळाडू मानला जातो आणि 1952-53 पासून सलग आठ हंगाम असिस्टच्या यादीत तोच पहिला होता. असिस्ट म्हणजे ज्या पासवर सहकाऱ्याने लगेच बास्केट केली असा पास. याच कूझीची कारकिर्दीतील सरासरी प्रत्येक सामन्यात 18.4 गुणांची आहे, म्हणजे तो संघाच्या प्रमुख गुण मिळवणाऱ्यांपैकीही एक होता. ऑस्कर रॉबर्टसनने 1961-62 च्या हंगामात दर सामन्यात सरासरी 30.8 गुण मिळवले आणि 11.4 असिस्टही दिले. शॉट घेणारा पॉइंट गार्ड हा एनबीएच्या घडणीच्या काळापासूनच मैदानावर आहे.

ज्याचे नाव या वादात नेहमी आदर्श म्हणून घेतले जाते तो युटा जॅझचा जॉन स्टॉकटन, आणि 15,806 असिस्टचा त्याचा विक्रम पाहता ते योग्यही आहे. तो दर सामन्यात सरासरीने जेमतेम नऊ शॉट घेत असे. मात्र त्याच्या साऱ्या कारकिर्दीत त्याने घेतलेल्या शॉटपैकी 51.5 टक्के बास्केटमध्ये गेले, हा आकडा क्वचितच कोणी सांगतो. त्याच्यासमोरचा बचावपटू त्याला सोडून त्याचा सहकारी कार्ल मलोनकडे धावू शकत नव्हता, कारण मोकळा सुटलेला स्टॉकटन चेंडू बास्केटमध्ये घालणार याची त्याला खात्री असे. 1997 मध्ये ह्यूस्टनविरुद्धच्या मालिकेतील सहाव्या सामन्यात शेवटच्या क्षणी तीन गुणांचा शॉट मारून संघाला प्रथमच अंतिम फेरीत नेणारा खेळाडूही हाच होता. स्टॉकटनचे शॉट कमी होते, पण ते बचावाला कधीही दुर्लक्षिता आले नाहीत.

येथे या विषयाच्या गाभ्याशी असलेला गैरसमज समोर येतो. पॉइंट गार्डने घेतलेला प्रत्येक शॉट हा सहकाऱ्याच्या वाट्यातून काढून घेतलेला शॉट असतो, अशी समजूत त्यात आहे. ती का चुकते हे पाहण्यासाठी आधुनिक आक्रमणाची सर्वांत प्रचलित हालचाल समजून घ्यावी लागते. एक उंच सहकारी पॉइंट गार्डच्या बचावपटूच्या वाटेत स्थिर उभा राहतो, याला स्क्रीन म्हणतात. पॉइंट गार्ड त्याच्या खांद्याला घासून पुढे निघतो आणि स्क्रीन लावणारा वळून रिंगकडे धावतो, आणि या संपूर्ण हालचालीला पिक अँड रोल असे नाव आहे. पॉइंट गार्डचा शॉट भरवशाचा असेल, तर त्याच्या बचावपटूला स्क्रीनच्या वरच्या बाजूने त्याचा पाठलाग करावा लागतो, त्यात तो एक पाऊल मागे पडतो, ती उणीव भरून काढण्यासाठी दुसरा बचावपटू पुढे येतो, रिंगकडे धावणाऱ्याला अडवण्यासाठी तिसरा बचावपटू आपला कोपरा सोडून आत सरकतो, आणि अशा रीतीने एका शॉटच्या भीतीने तिघेजण जागेवरून हलतात. शॉट भरवशाचा नसेल, तर पहिला बचावपटू निवांतपणे स्क्रीनच्या खालच्या बाजूने जाऊन पलीकडे पुन्हा समोर उभा राहतो, कोणालाच मदतीला यावे लागत नाही, आणि ज्याला पास द्यावा असा एकही मोकळा सहकारी उरत नाही. पासची वाट शॉटच्या धाकातून निर्माण होते, हे या खेळातले अत्यंत साधे आणि तरीही सर्वाधिक दुर्लक्षित सत्य आहे.

2008 च्या अंतिम मालिकेत लॉस एंजेलिस लेकर्सने बॉस्टनचा पॉइंट गार्ड रेजॉन राँडो याच्यासमोर कोबी ब्रायंटला ठेवले आणि ब्रायंट त्याच्यापासून बराच दूर राहून इतरांच्या वाटा अडवत फिरला, कारण राँडोचा लांबचा शॉट घाबरण्याजोगा नव्हता. पॉल पीअर्स, केव्हिन गार्नेट आणि रे ॲलन असे तिघे असल्याने बॉस्टनने ती मालिका जिंकली, हे खरे. पण पॉइंट गार्डच्या शॉटची उणीव संघातील इतर चौघांना कशी भरून काढावी लागते, याचे ते उघड उदाहरण होते.

याच्या नेमक्या उलट टोकाचे उदाहरण 2005 चे आहे आणि ते अधिक खोलात पाहण्याजोगे आहे. फिनिक्स सन्स संघाने 2003-04 मध्ये केवळ 29 सामने जिंकले होते. पुढच्या हंगामात स्टीव्ह नॅश आला आणि संघाने 62 सामने जिंकले. नॅशची त्या हंगामातील सरासरी 15.5 गुण आणि 11.5 असिस्ट अशी होती आणि हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला. बाद फेरीच्या दुसऱ्या टप्प्यात डॅलस मॅव्हरिक्सने वेगळा डाव टाकला, तो असा की नॅशच्या सहकाऱ्यांना सोडायचे नाही आणि त्याला स्वतःच गुण करू द्यायचे. चौथ्या सामन्यात नॅशने 48 गुण मिळवले, असिस्ट मात्र पाचच दिले, आणि फिनिक्सने तो सामना 119-109 असा गमावला. पास देणारा खेळाडू शॉट घेऊ लागला की संघ हरतो, याचा पुरावा म्हणून हा सामना सहज पुढे करता येतो. परंतु मालिका तिथे संपली नव्हती. पुढच्या सामन्यात नॅशने 34 गुण आणि 12 असिस्ट, तर सहाव्या सामन्यात 39 गुण आणि 12 असिस्ट अशी कामगिरी केली. सहाव्या सामन्यात निर्धारित वेळेच्या अखेरीस बरोबरी साधणारा तीन गुणांचा शॉटही त्याचाच होता, आणि जादा वेळेत 130-126 असा विजय मिळवून फिनिक्सने मालिका 4-2 अशी जिंकली. शॉट न घेण्याचा बाणा नॅशने चौथ्या सामन्यानंतरही स्वीकारला नाही, आणि तसा तो स्वीकारला असता तर डॅलसचे काम फारच सोपे झाले असते.

स्टीफन करीच्या 2015-16 च्या हंगामात हीच गोष्ट आणखी ठळकपणे दिसते. त्याने तीन गुणांचे 886 शॉट घेतले, त्यांतील 402 साधले आणि सरासरी 30.1 गुण मिळवले, म्हणजे पारंपरिक फूटपट्टीने मोजल्यास हा अतिशय स्वार्थी पॉइंट गार्ड ठरावा. प्रत्यक्षात त्याच्या गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाने त्या हंगामात 73 सामने जिंकले आणि दर सामन्यात 28.9 असिस्ट देऊन सर्व संघांत पहिला क्रमांक मिळवला. करीवर दोन बचावपटू धावून आले की तो चेंडू ड्रेमंड ग्रीनकडे सोडत असे आणि पुढे तिघा बचावपटूंविरुद्ध चौघे अशी स्थिती तयार होत असे. संघात सर्वाधिक असिस्ट ग्रीनचे होते, ते याचमुळे. करीला पहिल्या पासबद्दल अनेकदा कोणतेही श्रेय नोंदले जात नसे.

असिस्टचा आकडा म्हणजे निःस्वार्थीपणाचे माप, हा समज या ठिकाणी ढासळतो. असिस्टच्या नोंदीत सहकाऱ्याचा शॉट आत जाणे आवश्यक असते, त्यामुळे उत्कृष्ट पासवर चुकलेला शॉट तिथे दिसत नाही, आणि बचाव फोडणारा पहिला पासही दिसत नाही. फक्त शेवटचा पास दिसतो. शिवाय सामन्याचा वेग आणि प्रतिस्पर्ध्याचा बचाव यांवरही तो आकडा अवलंबून असतो. एका सामन्यात 30 असिस्ट हा स्कॉट स्काइल्सचा विक्रम 30 डिसेंबर 1990 चा असून तो ज्या डेन्व्हर नगेट्सविरुद्ध झाला, तो संघ त्या हंगामात दर सामन्यात सरासरी 130 हून अधिक गुण देत होता. स्काइल्सचे कौशल्य याने कमी होत नाही, पण आकड्यामागची परिस्थिती कळते. राँडो 2015-16 मध्ये सॅक्रामेंटोकडून खेळताना 11.7 असिस्टसह साऱ्या स्पर्धेत पहिला आला, तरी त्याच्या संघाने 33 सामने जिंकून 49 गमावले.

पास देणे नेहमीच सुरक्षित असते, ही आणखी एक भ्रामक कल्पना आहे. चुकलेल्या शॉटनंतर चेंडू परत मिळण्याची, म्हणजे आक्रमक रीबाउंडची, संधी एनबीएमध्ये साधारण चारांत एक अशी असते. प्रतिस्पर्ध्याने मध्येच हिरावलेल्या पासनंतर मात्र तशी संधी राहत नाही, उलट समोरच्याला मोकळ्या मैदानात धावत सोपी बास्केट करता येते. चेंडू अशा रीतीने गमावण्याला टर्नओव्हर म्हणतात. जेम्स हार्डन 2016-17 मध्ये पॉइंट गार्डच्या जागी खेळू लागला आणि 11.2 असिस्टसह त्या यादीत पहिला आला, त्याच हंगामात त्याने 464 टर्नओव्हरचा विक्रमही केला. तरी त्याच्या ह्यूस्टन संघाने 55 सामने जिंकले, कारण त्याने निर्माण केलेल्या संधींची किंमत गमावलेल्या चेंडूंपेक्षा मोठी होती. अशी तुलना प्रत्येक संघाला स्वतः मांडावी लागते.

पासचा आणखी एक प्रकार आहे ज्याला निःस्वार्थी म्हणणे अन्यायाचे ठरेल, आणि तो म्हणजे स्वतःची जबाबदारी टाळण्यासाठी दिलेला पास. 2021 मध्ये फिलाडेल्फिया आणि अटलांटा यांच्यातील सातव्या सामन्यात अखेरच्या काही मिनिटांत बेन सिमन्स रिंगखाली जवळपास मोकळा असताना त्याने चेंडू मॅटिस थायबुलकडे दिला; थायबुलवर फाउल झाला, त्याने दोन फ्री थ्रोपैकी एकच साधला आणि फिलाडेल्फिया 103-96 असा हरला. त्या बाद फेरीत सिमन्सने 73 पैकी केवळ 25 फ्री थ्रो साधले होते, आणि फाउल होऊन पुन्हा फ्री थ्रोच्या रेषेवर उभे राहावे लागेल ही भीती त्या पासमागे होती असे अनेकांनी मानले. नोंदवहीत असा पास दोष म्हणून दिसत नाही.

मात्र याचा अर्थ पॉइंट गार्डने मनाला येईल तितके शॉट घ्यावेत असाही नाही, आणि ही बाजू तितक्याच गांभीर्याने मांडायला हवी. 1972-73 मध्ये नेट आर्चिबाल्डने सरासरी 34 गुण आणि 11.4 असिस्ट नोंदवून एकाच हंगामात दोन्ही याद्यांत पहिला क्रमांक मिळवला, तरीही कॅन्सस सिटी-ओमाहा किंग्ज हा त्याचा संघ 36 सामने जिंकून 46 हरला आणि बाद फेरीला मुकला. विश्लेषक डीन ऑलिव्हर यांनी 2004 च्या आपल्या पुस्तकात ज्याचा ऊहापोह केला, ते तत्त्व असे की एखादा खेळाडू संघाच्या आक्रमणाचा जितका मोठा वाटा स्वतःच्या हाती घेतो, तितकी त्याच्या शॉटची गुणवत्ता साधारणपणे उतरत जाते, कारण सोपे शॉट आधीच संपतात आणि पुढचे सगळे अवघड असतात. म्हणून हिशेब शॉटच्या संख्येचा न करता प्रत्येक शॉटच्या अपेक्षित मोलाचा करावा लागतो. तीन गुणांचे शॉट 36 टक्के साधणारा खेळाडू दर शॉटमागे 1.08 गुण मिळवतो, तर मधल्या अंतरावरून दोन गुणांचे शॉट 42 टक्के साधणारा 0.84 गुण मिळवतो. पहिला शॉट टाळून दुसऱ्यासाठी पास देणारा पॉइंट गार्ड संघाचे नुकसान करतो, आणि याच्या उलट वागणाराही तेच करतो.

उत्तर संघाच्या रचनेवरही ठरते. शिकागो बुल्सच्या 1990 च्या दशकातील सहा विजेत्या संघांत आक्रमणाची आखणी प्रामुख्याने मायकल जॉर्डन आणि स्कॉटी पिपेन करत, आणि जॉन पॅक्सनसारख्या गार्डचे मुख्य काम मोकळे राहून शॉट साधणे हे होते. 2007 च्या अंतिम मालिकेत सॅन अँटोनिओच्या टोनी पार्करने सरासरी 24.5 गुण मिळवले, असिस्ट केवळ 3.3 दिले आणि मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. लेकर्सचा करीम अब्दुल-जब्बार चाळिशीला पोहोचत असताना प्रशिक्षक पॅट रायली यांनी मॅजिक जॉन्सनला अधिक शॉट घेण्यास सांगितले, तेव्हा 1985-86 मधील त्याची 18.8 गुणांची सरासरी पुढच्या हंगामात 23.9 वर गेली, असिस्ट 12.6 वरून 12.2 पर्यंतच उतरले, संघाने 65 सामने जिंकले, आणि अंतिम मालिकेच्या चौथ्या सामन्यात बॉस्टनविरुद्ध 107-106 असा विजय मिळवून देणारा शेवटचा हुक शॉट मॅजिकचाच होता. पाच गुणांच्या वाढीसाठी अर्धा असिस्टही खर्ची पडला नाही.

लहान मुलांच्या प्रशिक्षणात हा सर्व विचार अधिक काळजीने करायला हवा, कारण बाराव्या-तेराव्या वर्षी ज्याला पॉइंट गार्ड ठरवून शॉट घेण्यास बंदी केली जाते, त्याचा शॉट पुढे घडतच नाही, आणि आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे 6.75 मीटरवर आखलेल्या तीन गुणांच्या रेषेबाहेर त्याला कोणी अडवायला येत नाही. अशा मुलांची मोठी हानी होते आणि ती पूर्णपणे टाळता येण्याजोगी असते. सरावाच्या सामन्यानंतर त्यांनी किती शॉट घेतले याबरोबरच मोकळे असूनही किती सोडले, हेही मोजले, तर प्रशिक्षकाला खऱ्या दोषापर्यंत पोहोचता येते. हा शॉट उशिराही घडवता येतो, हे जेसन किडने दाखवले आहे: कारकिर्दीच्या सुरुवातीला त्याची कमजोरी म्हणून सर्वजण ज्याकडे बोट दाखवत तो लांबचा शॉट त्याने वर्षानुवर्षे सुधारला, 2011 मध्ये वयाच्या 38 व्या वर्षी डॅलसकडून विजेतेपद मिळवले, आणि 2013 मध्ये निवृत्त होताना 12,091 असिस्टसह तो स्टॉकटननंतर दुसऱ्या, तर तीन गुणांचे 1,988 शॉट साधून त्या यादीत तिसऱ्या स्थानावर होता.