पाय मोटारीसाठी की मोटार पायांसाठी?

आजोबांच्या वेळची मोटार घरात असणे हा अलीकडे मोठा थाट समजला जातो. तिला नवा रंग लावतात, बंपरला चकाकी आणतात, गाद्यांना तेव्हाचेच कापड मिळावे म्हणून सारे चोरबाजार पालथे घालतात. शेजारीपाजारी कौतुकाने भोवती फिरतात. पण चालकाचे दार उघडून खाली वाकून, जिथे पाय ठेवायचे त्या वीतभर जागेत कितीजण डोकावतात? आणि खरे सांगायचे तर गाडी दिमाखात निघाली तरी ती सुखरूप परत येणार की नाही, हे पुष्कळदा त्या वीतभर जागेतच ठरते.

समजा, आजोबांची प्रीमियर पद्मिनी आता नातवाकडे आली आहे. आजोबा बेताच्या उंचीचे, पायात हलकी चप्पल. नातू सहा फुटांच्या घरातला, पायात रुंद तळव्याचे बूट. ब्रेकवर पाय ठेवला की बुटाची कड अॅक्सिलरेटरला लागते. क्लच सोडून डावा पाय बाजूला घ्यावा म्हटले, तर घ्यायला जागाच नाही. दादर ते गिरगाव एवढीच फेरी असेल तर हे चालून जाते. पण मंडळींनी ठरवले की, सगळ्यांनी मिळून बीडकडे नारायणगडावर नगद नारायणाच्या दर्शनाला जायचे, म्हणजे दिवसभराची मजल आली. घाट आले, ट्रकांच्या रांगा आल्या, अचानक आडवी येणारी गुरे आली. संध्याकाळपर्यंत नातवाची पोटरी भरून येते, आणि थकलेला पाय नेमका नको त्या पेडलवर पडतो. ब्रेक दाबताना अॅक्सिलरेटरही दाबला गेला, तर गाडी थांबण्याऐवजी पुढेच रेटते. ही गैरसोय नुसती अंग अवघडण्याची नाही, जिवाशी गाठ घालणारी आहे.

अशी अडचण का झाली?

आज आपण डावीकडे क्लच, मध्ये ब्रेक आणि उजवीकडे अॅक्सिलरेटर हा क्रम जणू देवाने घालून दिला आहे असे समजतो. तसे मुळीच नाही. १९०८ ते १९२७ या काळात जगभर गाजलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीला पेडल तीनच होती, पण डावे पेडल गिअरसाठी, मधले गाडी मागे नेण्यासाठी आणि उजवे ब्रेकसाठी! वेग कमीजास्त करण्याची दांडी सुकाणूच्या चाकाखाली असे. पुढे कित्येक गाड्यांत अॅक्सिलरेटर मध्ये आणि ब्रेक उजवीकडे असाही प्रकार होता. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात अशा गाड्यांचे मालक दुसऱ्याला चाक हाती द्यायला का कचरतात, ते यावरून ध्यानात येईल. आजचा क्रम कॅडिलॅक कंपनीने १९१६ च्या एका गाडीत घातला आणि मग सावकाश तो सर्वत्र रूढ झाला.

आता आपल्या फियाटकडे वळू. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला उभा राहिला. तिथे तयार होणारी फियाट ११०० ही मूळ इटलीतली. तिकडे १९५३ साली आलेल्या ११००-१०३ या गाडीच्याच घराण्यातली आपली पद्मिनी. १९७४ पासून ती ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

इटलीत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात, म्हणून तिकडे चालक डावीकडे बसतो. आपण डावीकडून जातो, म्हणून आपला चालक उजवीकडे. सुकाणू डावीकडून उजवीकडे आणता येते, पण पेडलांचा क्रम उलटा करता येत नाही, कारण माणसाचे पाय सवयीचे गुलाम! यातून एक गंमत होते. डावीकडे बसणाऱ्या चालकाचा क्लच पुढच्या चाकाच्या कमानीला टेकलेला असतो आणि अॅक्सिलरेटर गाडीच्या मधल्या फुगवट्याजवळ. चालक उजवीकडे आला की अॅक्सिलरेटर चाकाच्या कमानीजवळ येतो आणि क्लच मधल्या फुगवट्याजवळ. म्हणजे उजव्या पायाला बाहेरून कमान दाटते आणि डाव्या पायाला विसाव्याची जागा उरत नाही. ज्या ज्या लहान गाड्या परदेशात एका बाजूच्या चालकासाठी आखल्या आणि इकडे दुसऱ्या बाजूला आणल्या, त्या सगळ्यांत थोड्याफार फरकाने ही कुचंबणा आढळते.

आधी बिनखर्चाचे उपाय

कोणत्याही मिस्त्रीला बोलावण्याआधी एक सुट्टीचा दिवस घरच्या घरी घालवावा.

पहिली गोष्ट पादत्राणाची. रुंद, जाड तळव्याचे बूट आणि मागे पट्टा नसलेली चप्पल, ही दोन्ही मोटारीत वैरीच. पातळ तळव्याचा, अंगासरशी बसणारा बूट गाडीतच ठेवून द्यावा. घरातील स्त्रिया गाडी चालवत असतील तर साडीचा घोळ पेडलात अडकत नाही ना, हेही बसून पाहावे.

दुसरी गोष्ट पायाखालच्या जाजमाची. जुन्यावर नवे असे दोन-दोन थर अंथरलेले असतात. त्यामुळे टाच वर उचलली जाते आणि पेडलचा खालचा प्रवास अडतो. सगळे काढून मोकळ्या पत्र्यावर पाय ठेवून पाहा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

तिसरी गोष्ट झिजेची. पेडल हाताने धरून डावी-उजवीकडे हलवून पाहा. ते खुळखुळत असेल तर आतला बुश झिजला आहे. असे पेडल कलून शेजारच्या पेडलला चिकटते आणि आपण दोष देतो कारखान्याला! नवा बुश आणि पेडलवर नवे रबर, एवढ्यावर काम भागते.

चौथी गोष्ट बैठकीची. गुडघा सुकाणूला लागत असेल तर पाय तिरका पडतो आणि तिरका पाय जास्त जागा मागतो. बैठक एक-दोन इंच मागे सरकवली की पाय सरळ होतो. मात्र तिचे बोल्ट पूर्वीइतकेच घट्ट हवेत.

एवढे केल्यावर बुटाच्या कडांना खडू चोळावा आणि उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून, तिन्ही पेडल दहा-वीस वेळा दाबावीत. खडूचे पांढरे डाग कुठे उमटले ते पाहिले की बूट नेमका कुठे घासतो ते कळते. मिस्त्रीला शंभर शब्द सांगण्यापेक्षा हा खडू दाखवलेला बरा.

मिस्त्रीकडे गेल्यावर

आता हत्यार लावायची वेळ आली तर एक क्रम पाळावा: आधी अॅक्सिलरेटर, मग क्लच आणि ब्रेक सर्वांत शेवटी. कारण साधे आहे. अॅक्सिलरेटरवर पायाचा जोर अगदी थोडा येतो. त्याची टिकली अर्धा-पाऊण इंच बाजूला घेतली किंवा अरुंद केली, तर लोखंडावर काही ताण पडत नाही. दोन गोष्टी मात्र पाहाव्यात. पेडल पूर्ण दाबल्यावर ते कशालाही अडकू नये, आणि पाय काढताच झटकन वर यावे. परत आणणारी स्प्रिंग जुनी असेल तर बदलावी आणि जोडीला आणखी एक लावावी. शिवाय अॅक्सिलरेटर ब्रेकपेक्षा थोडा खालच्या पातळीवर हवा, म्हणजे ब्रेक दाबताना बुटाची कड त्याच्यावर चढत नाही.

क्लचच्या बाबतीत टिकली थोडी अरुंद करून डाव्या पायाला मोकळीक मिळते. पाय टेकायला एक लहानशी पाटी बसवता आली तर उत्तमच, कारण विसाव्याला जागा नसली की पाय क्लचवरच ठेवण्याची खोड लागते, आणि त्या खोडीने क्लच लवकर झिजतो.

ब्रेकचे पेडल ही एक तरफ आहे. पायाने दिलेला जोर ती कित्येक पट वाढवून तेलाच्या पंपाला पोचवते. समजा ही पट पाच आहे. तीस किलोचा जोर दिला तर पुढे दीडशे किलोचा जातो. दांडी आखूड केली तर जागा वाढते, पण तेवढेच थांबायला पाय जास्त जोरात दाबावा लागतो. लांब केली तर जोर कमी लागतो, पण पेडल अधिक खोल जाते आणि प्रसंगी पत्र्याला टेकते. पहिल्या पद्मिन्यांना चारही चाकांना ड्रमचे ब्रेक होते आणि पायाच्या जोराला मदत करणारे यंत्र नव्हते. तिथे ही तरफ बिघडवणे परवडणारे नाही. दांडी न बदलता नुसती टिकली फार बाजूला नेली तरी दांडी पीळ खाते आणि बुश झिजतो.

म्हणून ब्रेकची मूळ दांडी तापवून वाकवू नये, कापून वेल्डिंग तर मुळीच करू नये. बदल अटळच असेल तर जाणत्या कारागिराकडून त्याच मापाची, त्याच तरफेची, पण हवा तेवढा बाक दिलेली नवी दांडी घडवून घ्यावी. पंपाच्या दांडीत कारखान्याने ठेवलेली थोडीशी ढिलाई तशीच राहू द्यावी. ती नाहीशी झाली तर ब्रेक पुरता सुटत नाही आणि ड्रम चटका बसेल इतके तापतात.

मूळ भाग मात्र टाकू नये. तेल लावून, कागदात गुंडाळून, वर चिठ्ठी बांधून ठेवावा. पुढच्या पिढीत एखादी लहान चणीची नात गाडी चालवू लागेल, तेव्हा तिला तोच उपयोगी पडेल.

कायद्याचे दोन शब्द

नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल परस्पर करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची मनाई आहे. तेव्हा चाकाची कमान कापणे, पत्रा सरकवणे असले विचार मनातही आणू नयेत. शंका असेल तर आधी परिवहन कार्यालयात विचारावे. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीची सोय झाली आहे, पण ती मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी. अगदी पहिल्या पद्मिन्या आता त्या वयाला पोचल्या आहेत. म्हणून जो बदल तासाभरात पूर्ववत करता येईल, तोच करावा.

शेवटची परीक्षा

काम झाले की इंजिन बंद ठेवून, नेहमीचे बूट घालून, ब्रेक अंगातली सारी ताकद लावून दाबा. दुसऱ्या कोणीतरी खाली वाकून अॅक्सिलरेटर हलतो का ते पाहावे. हलला तर काम अपुरे आहे. मग इंजिन चालू करून तेच करा. मग मोकळ्या मैदानात, मग ओळखीच्या रस्त्यावर, आणि आठ-पंधरा दिवसांनी सगळे बोल्ट पुन्हा तपासून झाल्यावरच लांबच्या गावाला. नारायणगडाचा बेत तोवर थांबू द्या. देव काही कुठे जात नाही.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा जमाना ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. आता जी पद्मिनी उरली आहे ती घराघरांतल्या हौशी माणसांच्या हाती. ती काचेच्या कपाटातली बाहुली होऊ नये, मुलाबाळांना घेऊन चालत राहावी असे वाटत असेल, तर तिच्या रंगावर जेवढा खर्च करता त्याचा दहावा हिस्सा तरी पायाखालच्या त्या वीतभर जागेसाठी राखून ठेवा. खंडेनवमीला तिच्या नाकावर झेंडूची माळ चढवाल, त्या दिवशी दार उघडून एकदा खालीही वाकून पाहा.